रब्बीचे पाणी आणि कास्तकाराचे पायताण

रब्बी हंगामाचा हिशेब मांडताना पाणी, वीज, बियाणे आणि खते यांचा ऊहापोह सर्वत्र केला जातो. धरणात साठा किती आहे, कालव्याची पाळी केव्हा सुटणार, जळालेले रोहित्र किती दिवसांत बदलून मिळणार, हे प्रश्न ग्रामसभेपासून जिल्ह्याच्या बैठकीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतात. परंतु ते पाणी पिकाच्या मुळापर्यंत पोहोचविण्यासाठी जो माणूस पौषाच्या मध्यरात्री चिखलात उभा राहतो, त्याच्या पायांत काय आहे हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक असल्यामुळेच तो विचारला जात नसावा. त्याच्या पायांत बहुधा काहीही नसते. वहाणा बांधावर काढून ठेवलेल्या असतात.

वहाणा काढून ठेवण्यास कारण आहे. कातडी वहाण चिखलात भिजली की फुगते, सुकली की आकसून लाकडासारखी होते. रबरी चप्पल ओल्या काळ्या मातीत दुसऱ्या पावलाला रुतून बसते आणि तिचा अंगठा तुटतो. तेव्हा अनवाणी पायच त्यातल्या त्यात बरा, असा अनुभवाचा निष्कर्ष कास्तकाराने काढलेला आहे. तो अडाणीपणाचा नाही. हाती असलेल्या दोन पायताणांपैकी एकही पाण्यातील कामासाठी घडविलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यात उभे राहण्यासाठी घडविलेले पायताण निराळे असते. ते कसे निवडावे, कोणत्या जमिनीत कोणते चालते आणि ते कोणी घेऊन द्यावे, यांचा विचार या लेखात केला आहे.

रात्रीची पाळी

नांदेड जिल्ह्यात विष्णुपुरी, मानार आणि ऊर्ध्व पैनगंगा या प्रकल्पांचे पाणी शेतीला मिळते. लातूर जिल्ह्यात मांजरा आणि तेरणा या नद्यांचा मुख्य आधार आहे. त्याखेरीज दोन्ही जिल्ह्यांत विहिरी आणि विंधन विहिरी यांवर बागायत उभी आहे. अर्धापूर-मुदखेड पट्ट्यातील केळी आणि हळद, मांजराकाठचा ऊस, आणि सर्वत्र पसरलेला गहू व हरभरा यांना कार्तिकापासून माघापर्यंत पाणी द्यावे लागते. कृषिपंपांना त्रिफेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली. त्यामुळे रात्री पाणी देणे हा शेतीच्या दिनक्रमाचाच भाग होऊन बसला. ही अडचण ओळखून शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हाती घेतली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. शेतीला दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू असून जेथे तो साध्य झाला आहे तेथे कास्तकाराची रात्र मोकळी झाली आहे. तथापि कालव्याची पाळी घड्याळ पाहून येत नाही. पाटाचे पाणी रात्री दोनला शेतात पोहोचले तर ते रात्री दोनलाच घ्यावे लागते. म्हणून सौर वाहिन्या सर्वदूर पोहोचल्यानंतरही रात्रीचे पाणी पूर्णपणे संपेल, असे समजण्याचे कारण नाही.

या दिवसांत आपल्याकडील किमान तापमान काही रात्री १० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. उत्तरेकडील थंडीच्या मानाने ही थंडी काहीच नव्हे, असे वाटण्याचा संभव आहे. प्रश्न नुसत्या थंडीचा नसून थंडी आणि ओल यांच्या संयोगाचा आहे. विंधन विहिरीचे पाणी जमिनीखालून येत असल्याने पहाटे ते कोमट लागते. मात्र त्यातून पाय बाहेर काढून बांधावर आले आणि वारा लागला की त्याच पाण्याचे बाष्प होताना पायांतील ऊब निघून जाते. पुन्हा पाण्यात, पुन्हा वाऱ्यात, असे सहा-आठ तास चालते. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममधील खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय अशाच प्रकारे निकामी झाले. ‘ट्रेंच फूट’ या नावाने तो विकार वैद्यकात प्रसिद्ध आहे. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. १५ अंशांच्या आसपासच्या थंडीतही तासन्‌तास ओला राहिलेला पाय त्याला बळी पडू शकतो. आपल्या शेतात तो त्या टोकापर्यंत क्वचितच जातो. पण बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या, टाचांच्या भेगा, त्या भेगांतून होणारा जंतुसंसर्ग आणि कळ न समजणारी बधिर पावले ही त्याचीच धाकटी भावंडे होत. मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत तर अशा पायाला झालेली लहानशी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही. ग्रामीण भागात मधुमेह आता परका राहिलेला नाही, हे आरोग्य सेवकांना वेगळे सांगावयास नको.

हरभऱ्याच्या शेताची गोष्ट आणखी निराळी. पहाटेच्या दहिवरात हरभऱ्याच्या पानांवर आंब सुटते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. फडके फिरवून ही आंब गोळा करण्याची आणि औषधासाठी जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. औषध म्हणून ती गुणकारी मानली जात असली तरी भेगाळलेल्या अनवाणी पायांना ती अशी झोंबते की हरभऱ्यातून पहाटे फिरलेला माणूस ते विसरत नाही. कातडी वहाणेलाही ती मानवत नाही.

सापाचे भय

या सर्वांहून गंभीर गोष्ट म्हणजे सर्पदंश. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दर वर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने मांडला. त्यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतील आहेत. साधारण निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले, असे त्यात आढळले. सर्पदंश हा पावसाळ्याचाच धोका होय, या समजाला त्यामुळे आधार मिळतो हे खरे. परंतु उरलेले निम्मे मृत्यू इतर आठ महिन्यांतील आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही. रब्बीचे सर्व महिने त्यांत येतात.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी घोणस ही शेतातील माणसाची सर्वांत मोठी वैरीण आहे. उसाच्या पाचटात, बांधावरील गवतात ती निश्चल पडून राहते, मातीच्या रंगात मिसळून जाते आणि पाय जवळ पडला की जागच्या जागी उसळून दंश करते. शेतात होणारे असे दंश बहुतांशी पावलावर, घोट्यावर अथवा पोटरीच्या खालच्या भागावर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. दक्षिण-पूर्व आशियासाठी तिने तयार केलेल्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत शेतात बूट घालण्याचा आणि रात्री विजेरी बाळगण्याचा स्पष्ट सल्ला आहे. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केला. दवाखान्यात प्रतिविष उपलब्ध असणे हा त्यातील मोठा भाग आहे आणि तो तसा असलाच पाहिजे. पण प्रतिविष दंशानंतर कामी येते. दंशापूर्वी कामी येणारी जी थोडी साधने आहेत, त्यांत पायातील बुटाची गणना करावी लागते.

येथे अतिशयोक्ती करणे योग्य होणार नाही. सर्वसाधारण गमबूट हा सापापासून पूर्ण अभय देत नाही. घोणसाचे विषदंत लांब असतात, आणि पायाला घट्ट चिकटलेले पातळ रबर त्यांना अडवीलच असे नाही. मात्र बुटाची भिंत जाड असेल, पोटरी आणि बूट यांच्यामध्ये बोटभर पोकळी असेल, तर दंताचे टोक कातडीपर्यंत पोहोचण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. पँट बुटावरून सैल सोडली तर आणखी एक पदर वाढतो. अनवाणी पायाला यांतले काहीच संरक्षण नसते.

मोटेपासून रबरापर्यंत

पाण्यात टिकणारे कातडे आपल्याकडे नव्हते असे नाही. विहिरीवर मोट चालत होती तेव्हा चामड्याची मोट आणि नाडा दिवसभर पाण्यात असत. ते कुजू नयेत म्हणून करडईच्या बियांपासून उष्णतेने काढलेले काळे, चिकट तेल त्यांना चोपडीत. करडई हे तर मराठवाड्याचे हक्काचे पीक. परंतु हे तेल मोटेपुरतेच राहिले. कास्तकाराच्या पायात ते कातडे आले नाही.

रबरी बुटाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. चार्ल्स गुडइयर याने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचे एकस्व मिळविले. त्या रीतीचा हक्क घेऊन हायरम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने १८५३ मध्ये फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला. त्याचे गिऱ्हाईक कोण होते? तेथील शेतकरी. तोवर ते लाकडी खडावांसारखे जोडे घालून ओल्या शेतात वावरत असत. महायुद्धात खंदकातील सैनिकांसाठी एकट्या ब्रिटनमधील एका कारखान्याने दहा लाखांहून अधिक जोड पुरविले, ते पुढे. म्हणजे गमबूट ही कारखान्यातील अथवा नगरपालिकेतील वस्तू, असा जो आपला समज आहे तो उलटा आहे. ती मुळात शेतातील वस्तू. आपल्या शेतात ती यायला उशीर झाला, इतकेच.

जमीन पाहून बूट

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर मनुष्य प्रथम किंमत विचारतो, मग रंग पाहतो. खरे म्हणजे त्याने प्रथम आपली जमीन डोळ्यांपुढे आणावयास हवी.

गोदावरी, मांजरा, तेरणा आणि मानार यांच्या खोऱ्यांतील जमीन खोल काळी आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि पायाला गोंदासारखी चिकटते. हिच्यात बूट निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घोट्याजवळचा भाग. तेथे बूट ढिला असेल तर पाय वर येतो आणि बूट मातीतच राहतो. मग रात्रीच्या वेळी एका पायावर उभे राहून तो उपटून काढावा लागतो. गमबुटाविषयी कास्तकारांची जी नाराजी ऐकू येते तिचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. बूट वाईट नसतो, तो एका अंकाने मोठा घेतलेला असतो. दुसरी गोष्ट, तळव्याच्या खाचा. बारीक आणि दाट खाचांत काळी माती गच्च भरते, तळवा गुळगुळीत होतो आणि सरीच्या वरंब्यावरून पाय घसरतो. रुंद, अंतराअंतरावर असलेल्या आणि कडेला उघड्या होणाऱ्या खाचांतून माती चालता चालता गळून पडते. तिसरी गोष्ट वजन. दुकानात हलका वाटणारा बूट शेतात मातीसह दुप्पट जड होतो. म्हणून दोन बुटांत बाकी सर्व समान असल्यास हलका घ्यावा.

याउलट बालाघाटाच्या रांगेतील अहमदपूर, चाकूर, कंधार, लोहा, मुखेड या तालुक्यांतील माळरान आणि किनवट-माहूरचा डोंगराळ भाग. येथे मुरूम, दगड आणि बाभळीचा काटा यांचे राज्य आहे. गुडघ्यापर्यंतचा गमबूट घालून अशा वाटेने दोन-तीन मैल चालणे हा छळच होय. पोटरी घासून सोलून निघते. कोरड्या दगडी वाटेला टायरच्या तळाची जुनी वहाण आजही चांगली आहे, आणि तिला नाव ठेवण्याचे काही कारण नाही. शेतापर्यंत वहाणेने जावे, बूट खांद्यावर अथवा सायकलला अडकवून न्यावा आणि पाण्यात उतरताना घालावा. बुटाचा तळ मात्र येथे जाड हवा. अंगठ्याने दाबून तळवा सहज वाकत असेल तर बाभळीचा काटा त्याला जुमानणार नाही. तुरीचे आणि कपाशीचे धसकट, तसेच तोडणीनंतर राहिलेले उसाचे बुडखे यांच्याबाबतीतही हेच लागू पडते. लोखंडी टोपीचा अथवा पोलादी पत्रा घातलेला बूट बांधकामावर वा वाहतुकीच्या कामावर योग्य. पाणी देणाऱ्याला त्याचा नुसता भार होतो.

उंचीबाबत बाजारात साधारण ११ ते १५ इंचांपर्यंतचे बूट मिळतात. गव्हाच्या वाफ्यांत पाणी घोट्याच्या वर सहसा जात नाही, तेथे पोटरीच्या मध्यापर्यंतचा बूट पुरतो. उसात, केळीत आणि पाटात उतरणाऱ्याने उंच बूटच घ्यावा. तो पाण्यासाठी तर हवाच, पण पाचटातील सापासाठी अधिक हवा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. बुटाच्या काठावरून पाणी आत शिरले की बूट हा पायाला बांधलेला हंडा होतो. विहिरीच्या काठावर, शेततळ्यात अथवा वाहत्या ओढ्यात उतरताना गमबूट घालू नये.

रबर की पीव्हीसी

बाजारातील गमबूट प्रामुख्याने दोन पदार्थांचे असतात. रबराचा बूट मऊ राहतो, थंडीत ताठरत नाही आणि ओल्या दगडावर अधिक चांगली पकड घेतो. तो महाग आणि काहीसा जड असतो. पीव्हीसीचा बूट साच्यात एकसंध ओतलेला असल्याने त्याला सांधा नसतो, आणि किंमत काही शे रुपयांत बसते. पण थंडीत तो कडक होतो. उन्हात वर्ष-दोन वर्षे पडून राहिला की नेमका जेथे पाय दुमडतो तेथे तडकतो. ज्याला हंगामात रोज पाण्यात उतरावे लागते त्याने शक्य असल्यास रबराचा घ्यावा. आठवड्यातून एखादी पाळी असेल तर पीव्हीसीवर पैसे वाचविण्यास हरकत नाही. फोमसारख्या हलक्या पदार्थाचे बूट पायाला सुखद वाटतात, परंतु धसकटात त्यांचा निभाव लागत नाही.

दुरुस्तीचा मुद्दा खरेदीच्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. रबराच्या बुटाला छिद्र पडले तर सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा यांनी ते गावातच बुजविता येते. पीव्हीसीवर ते ठिगळ धरत नाही. त्याला त्याच जातीचा चिकट द्राव लागतो. ज्या गावात फक्त सायकलचे दुकान आहे, त्या गावाला हा फरक लहान नाही.

मानकाची खूण पाहून घेणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोने रबराच्या औद्योगिक व संरक्षक बुटांसाठी आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटांसाठी आयएस १२२५४ ही मानके ठरविली आहेत. केंद्र शासनाच्या २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशात या दोन्हींचा समावेश होता. बुटावर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक उठविलेला असावा. शासकीय अथवा पंचायतीच्या खरेदीत तरी तो पाहिल्याशिवाय देयक मंजूर होऊ नये.

चिन्ह असले तरी बूट पाणी धरतो की नाही याची घरी परीक्षा सोपी आहे. बुटाचे तोंड दुमडून हवा आत कोंडावी आणि तो घंगाळात अथवा हौदात दाबून धरावा. बुडबुडे येतील तेथे छिद्र आहे. शाळेतील शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करून दाखविल्यास मुलांना हवेच्या दाबाचा पाठही मिळेल आणि घरी जाऊन वडिलांचा बूट तपासण्याचे निमित्तही.

मापाचा प्रश्न आणि स्त्रियांचे पाय

बुटाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या कामाने पाऊल किंचित पसरलेले असते. जाड सुती मोजा घालून बूट चढवावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, टाच मात्र वर उचलताना सरकू नये. अनवाणी चालणाऱ्या माणसाचे पाऊल पुढे रुंद असते, आणि कारखान्याचे साचे बहुधा अरुंद असतात. म्हणून दुकानात बसून नव्हे, तर दहा पावले चालून पाहावे.

शेतात स्त्रियांची संख्या मोठी आहे, हे जाहीर भाषणांत आपण नेहमी सांगतो. हळदीची काढणी, उसाची तोडणी, केळीतील खुरपणी, सर्वत्र त्या आहेत. परंतु तालुक्याच्या दुकानात गमबूट मागितला तर ७, ८, ९ हे अंक मिळतात. स्त्रीचे पाऊल बहुधा ४ किंवा ५ अंकाचे असते. आपल्या पतीचा अथवा मुलाचा बूट घालून चिखलात चालणारी स्त्री पडण्याचा धोका पत्करते आणि दोन दिवसांत तो बूट टाकून देते. लहान अंकाचे बूट तयार होतात. मागणी नोंदविली तर दुकानदार ते मागवितो. महिला बचत गटांनी वीस-पंचवीस जोडांची एकत्र मागणी केल्यास हा प्रश्न एका बाजारात सुटण्यासारखा आहे. साडी नेसून उंच बूट वापरणे अवघड जाते ही अडचणही खरी आहे. अशा वेळी पोटरीपर्यंतचा बूट अधिक सोयीचा.

बूट घातल्यावर

गमबूट पाणी बाहेर ठेवतो, तसाच घाम आत ठेवतो. मोजा न घालता बूट वापरला तर चिखल्या बाहेरच्या पाण्याऐवजी आतल्या घामाने होतात, आणि बुटाला दोष दिला जातो. सुती मोज्यांचे दोन जोड असावेत. एक पायात, एक वाळत. पाळी संपल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत आणि बोटांच्या बेचक्या विसरू नयेत. बूट धुऊन दोन खुंट्यांवर उलटा टांगावा, आत जुने वर्तमानपत्र कोंबावे. चुलीजवळ अथवा भर उन्हात तो वाळवू नये. फवारणीच्या वेळी वापरलेला बूट पाण्यासाठी आणि घरात आणू नये. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने जे मृत्यू झाले, त्यानंतर संरक्षक साधनांविषयी बरीच जागृती झाली. पण विषाचा अंश लागलेले तेच साधन दुसऱ्या कामाला वापरण्याची सवय अजून गेलेली नाही.

पायात घालण्यापूर्वी बूट प्रत्येक वेळी उलटा करून आपटावा. उबदार, अंधारी पोकळी विंचवाला प्रिय असते. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे मराठवाड्यातील, जालना जिल्ह्याचे. त्यांनी महाड येथे केलेल्या कामामुळे असंख्य प्राण वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्या औषधाची वेळ आपल्या घरी येऊ नये म्हणून करावयाचे काम बूट झटकण्याएवढे सोपे आहे.

विजेबाबत एक गैरसमज घातक आहे. रबराचा बूट घातला की ओल्या हाताने स्टार्टरला हात लावण्यास हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. विद्युतरोधक बूट वेगळ्या कसोट्यांवर तपासलेले असतात. शेतातील गमबूट आतून घामाने आणि बाहेरून चिखलाने ओला असतो, त्याला छिद्र असण्याचाही संभव असतो. त्याच्या भरवशावर स्टार्टरची पेटी उघडणे अथवा रोहित्राचा फ्यूज टाकणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

बूट असूनही सर्पदंश झालाच, तर त्या पायाची हालचाल थांबवावी, बूट व पैंजण-जोडव्यांसारखे आवळणारे दागिने हळूच काढून घ्यावेत, कापणे, चोखणे अथवा दोरीने आवळून बांधणे हे प्रकार करू नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात न्यावे. नांदेड आणि लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. पण तेथवर जाण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष आहे का, हे पंचायत सदस्यांनी हंगामाच्या आरंभीच विचारून ठेवावे. सर्पदंश व विंचूदंश यांचा समावेश गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत आहे. मृत्यू झाल्यास शेतकरी कुटुंबास २ लाख रुपयांचे साहाय्य तीतून मिळते. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर असणे अगत्याचे आहे.

बूट कोणी घ्यावा

सर्वांत अवघड प्रश्न निवडीचा नसून खरेदीचा आहे. ज्याच्या नावे सातबारा आहे तो बहुधा स्वतः बूट घेऊ शकतो. मध्यरात्री पाण्यात उभा असणारा माणूस अनेकदा निराळा असतो. तो सालगडी असतो, बटईदार असतो, अथवा रोजंदारीवर आलेला मजूर असतो. शेतकऱ्यांसाठीच्या योजना सातबाऱ्यावर चालतात आणि त्याच्याकडे सातबारा नसतो. त्याच्या पायांसाठी कोणते शीर्ष नाही.

आपल्या जुन्या व्यवहारात मात्र यावर उत्तर होते. पाडव्याला साल ठरविताना रोख रकमेबरोबर धान्य, कापड, घोंगडी आणि वहाणांचा जोड देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. वहाणा ही मेहेरबानी नव्हती, तो सालाचा भाग होता. पुढे साल रोखीत ठरू लागले आणि या वस्तू हळूहळू गळाल्या. ज्या मालकाच्या शेतात रात्रीची पाळी आहे, त्याने सालाच्या बोलीत एक गमबुटाचा जोड, दोन मोज्यांचे जोड आणि एक विजेरी यांचा उल्लेख पुन्हा करावा. विद्युत पंप, पाइप आणि ठिबक संच यांवर जो खर्च तो करतो त्याच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. आणि हे बूट मालकाच्या घरी खुंटीला टांगलेले न राहता सालगड्याच्या मापाचे आणि त्याच्या ताब्यात असावेत.

ग्रामपंचायतीकडेही असे पाय आहेत. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी पहाटे व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरतो, सफाई कामगार गटारात. त्यांच्यासाठी बूट खरेदी होतात, नाही असे नाही. पण एकाच अंकाचे डझनभर बूट एकदम घेतले जातात, नोंदवहीत जमा होतात आणि कोणाच्याच पायाला न बसल्यामुळे कपाटात राहतात. लेखापरीक्षणात त्या खरेदीवर आक्षेप येत नाही, कारण कागद पूर्ण असतात. खरेदीपूर्वी प्रत्येक कर्मचाऱ्याचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची रेषा आखून घ्यावी, त्यावर नाव लिहावे आणि तो कागद मागणीपत्रासोबत दुकानदाराकडे पाठवावा. ज्या सालगड्याला अथवा मजूर स्त्रीला बाजाराच्या दिवशी शेत सोडून तालुक्याला जाता येत नाही, तिच्यासाठीही हीच रीत उपयोगी पडेल. बूट आल्यावर तो एकदम रात्रभर घालू नये. पहिले चार-पाच दिवस तास-दोन तास वापरावा, टाच घासते का ते पाहावे आणि घासत असल्यास दुकानदाराकडून तो लगेच बदलून घ्यावा. चिखलात एकदा उतरलेला बूट दुकानदार परत घेत नाही.